‘कामगाराची बेफिकिरी’ असे लिहून फाइल मिटवणाऱ्यांना उत्तर

रंकाळाकाठ: “रासायनिक कारखान्यांतले अपघात कामगारांच्या बेफिकिरीने होतात, विश्लेषणाचे कागद रंगवण्यापेक्षा शिस्त लावा,” असे काल इथे एका सुपरवायझर महोदयांनी लिहिले. भोपाळमध्ये २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीत पाणी कुणामुळे शिरले, यावर हवा तेवढा वाद घाला. पण टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने आधीच बंद केलेली होती आणि वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी काढून ठेवलेली होती. हे निर्णय रात्रपाळीच्या कामगाराने घेतले होते काय?

शिरोली_सुपरवायझर: तो महोदय मीच. भोपाळचे नाव घेतले की समोरच्याने गप्प बसायचे, ही सोय चांगली आहे. आमच्याकडे एकाने घरी लवकर जाण्याच्या घाईत, दाब न उतरवता कॉस्टिकच्या (कातडी जाळणाऱ्या क्षाराच्या) लाइनचा फ्लँज, म्हणजे नळ्यांचा सांधा, उघडला आणि डोळा गमावला. परमिटवर, म्हणजे कामाच्या लेखी परवानगीवर, त्याचीच सही होती. आज गेटवर ‘अपघाताविना ४१२ दिवस’ असा फलक आहे, तो शिस्तीमुळेच.

फिटर_गोकुळशिरगाव: त्या फलकाचे कौतुक आम्हाला सांगू नका, साहेब. माझ्या हातावर ॲसिड उडाले, तेव्हा कंपनीच्या गाडीऐवजी मला रिक्षाने खासगी दवाखान्यात नेले आणि हजेरीपटावर रजा मांडली. फलकावरचा आकडा वाढत राहिला आणि दिवाळीला सर्वांना बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. तो डबा अजून घरात आहे.

रंकाळाकाठ: अमेरिकेतील टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातही किरकोळ दुखापतींच्या कमी आकड्यावरच समाधान मानले जात होते. २३ मार्च २००५ रोजी तिथे स्फोटात १५ माणसे गेली. तेलाचे घटक वेगळे करणारा मनोरा द्रवाने काठोकाठ भरत असताना पातळीदर्शक मात्र पातळी उतरत असल्याचे दाखवत होता.

शिरोली_सुपरवायझर: बरे, फलक उतरवतो. मग फ्लँज उघडणाऱ्याला हार घालायचा का?

निवृत्त_निरीक्षक: हार नको, पण त्याला बोलू द्या. अमेरिकेतील रासायनिक सुरक्षा मंडळाला दंड करण्याचा अधिकारच नाही. ते केवळ कारणे शोधते. आपल्याकडे चौकशी करणारे खातेच खटलाही भरते, मग खरे कोण सांगेल?

फिटर_गोकुळशिरगाव: परमिट देणाऱ्याचीही सही असते. त्याने ड्रेन, म्हणजे लाइन रिकामी करायची तोटी, उघडून पाहिला होता का?

शिरोली_सुपरवायझर: ड्रेन चोंदलेला होता. दुरुस्तीची चिठ्ठी दोन महिने पडून होती आणि परमिट मीच दिले होते. तरीही त्याने घाई केली, हे मी मागे घेणार नाही.