उत्तर: बोजड लेखनाला पुरस्कार

‘बोजड लेखनाला चिडवणारे पुरस्कार दिले की नुसती टवाळी होते’ असं एक मत आहे, ते मला अर्धंच पटलं. ब्रिटनमध्ये क्रिसी मेहर यांनी १९७९ साली संसदेसमोरच्या चौकात सरकारी फॉर्मांच्या चिंध्या करून ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’ ही सोप्या इंग्रजीची मोहीम सुरू केली. बोजड मजकुराला या मोहिमेचा ‘गोल्डन बुल’ हा चिडवणारा पुरस्कार मिळतो, पण सोप्या मजकुराला ‘क्रिस्टल मार्क’ हे पसंतीचं चिन्हही मिळतं, आणि ते कागदावर मिरवता येतं. चापट आणि शाबासकी एकाच हातून! २००३ साली अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना मात्र या मोहिमेने ‘फूट इन माउथ’ हा दुसरा टवाळीचा पुरस्कार देऊन उगाच झोडपलं. त्यांचं ते ‘माहीत असलेलं अज्ञान’ (म्हणजे आपल्याला काय माहीत नाही, हे माहीत असणं) ऐकायला गमतीदार, पण अर्थाला चोख होतं.

आमच्या सोसायटीत आलेली नोटीस बघा: ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की...’ सहाव्या ओळीत कळलं, गुरुवारी पाणी नाही. तोवर शुक्रवार उजाडला होता.