मदत हवी आहे: पीपीएफ (गाडीच्या रंगावरची पारदर्शक संरक्षक फिल्म) घरीच लावलं, बोनेटची पुढची कड सारखी सुटतेय

चिंचवडकर_७: रविवारपासून पाच वेळा बसवली, दहा मिनिटांत कड वर येते. बाकी बोनेट झकास बसलंय. दुकानवाला म्हणतो सगळं काढून नवीनच लावू. काय करू? लवकर सांगा, गाडी तशीच उभी आहे.

रंकाळा: फिल्म कुठल्या प्लास्टिकची, टीपीयू की पीव्हीसी? लावताना खाली फवारलं काय?

चिंचवडकर_७: टीपीयू. पाणी आणि बेबी शाम्पू, अजून काय फवारणार?

घाटवाट: त्यापेक्षा सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावायचा पातळ द्रव थर) करून टाका. माझी गाडी तीन वर्षं चकचकीत आहे.

रंकाळा: चकचकीत असेल, पण सिरॅमिकने खडी अडत नाही हो. एक्सप्रेसवेला डंपरच्या मागे अर्धा तास चालवून बघा. पीपीएफ दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड असतं, ते मार खातं.
चिंचवडकर, शाम्पूचं पाणी फिल्म सरकवण्यापुरतं. कडेला ते साध्या पाण्याने धुऊन काढा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलेलं पाणी मारून स्क्वीजीने (रबरी पट्टीने) दाबा. ताणून बसवलेली कड आकसून परत येणारच. शिवाय पाच वेळा उचललीत म्हणजे गोंदावर धूळ आणि बोटांचे ठसे बसले असणार.

सुनीता_ठाणे: फिल्म लावूच नका! सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातलीय. माझ्या भावाने दंड भरलाय.

चिंचवडकर_७: ताई, ते काचेच्या काळ्या फिल्मचं. मी रंगावरच्या पारदर्शक फिल्मबद्दल विचारतोय.

डिटेलिंग_सातारा: बारा वर्षं हेच काम करतोय. दाराची कड, हँडलमागची वाटी घरी खुशाल करा, ओरखडे तिथेच जास्त पडतात. बोनेट-बंपरला दोन माणसं आणि बंद खोली लागते. एक सांगा, बोनेट कंपनीच्याच रंगाचं आहे ना?

चिंचवडकर_७: नाही, गेल्या महिन्यात रंगवून घेतलं. म्हणून तर फिल्म लावतोय.

डिटेलिंग_सातारा: अहो, हे पहिल्यांदा सांगायचं! आता कड अजिबात उचलू नका. गॅरेजचा ताजा रंग फिल्मबरोबर निघून येतो. सुटलेल्या कडेखाली गोंद नीट बघा, काय दिसतंय?

चिंचवडकर_७: लाल कण आहेत. मी धूळ समजत होतो. गाडी लालच आहे.

डिटेलिंग_सातारा: तो रंग आहे. हात लावू नका, फोटो टाका. आणि रंगवणाऱ्याला आजच फोन करा, दुकानवाल्याला नंतर.