स्कोलिओसिस (पाठीचा कणा बाजूला वाकणं): व्हिडिओ कॉलवर व्यायाम घेताना कंबर खरंच कललीय की फोन?

फिजिओ, फोंडा
१३ वर्षांची मुलगी, सत्तरीत राहते. छातीच्या भागात उजवीकडे बाक, कॉब (एक्स-रेवर मोजलेला बाकाचा कोन) २४ अंश, रिसर (हाडांची वाढ किती झाली याची ० ते ५ मोजणी) १. श्रॉथचे (या बाकासाठीचे खास, श्वासावर आधारलेले) व्यायाम समोर शिकवून झालेत. पावसात दर आठवड्याला फोंड्याला येणं तिला जमणार नाही, म्हणून पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष आणि मधे कॉल असं ठरवलंय. पडद्यावर तिची कंबर कधी उजवीकडे कललेली दिसते, कधी सरळ. खरं कुठलं मानायचं?

कणा, मडगाव
आधी ओळंबा लावा. दाराच्या चौकटीवरून काळी दोरी सोडायची, टोकाला कुलूप. मुलगी दोरीच्या शेजारी, दोन्ही टाचा लादीच्या एकाच सांध्यावर. फोन तिच्या पाठीमागे कमरेच्या उंचीवर, निदान दोन मीटर लांब, स्टुलावर डब्याला टेकवून. दोरी पडद्याच्या कडेला समांतर नसेल तर फोन तिरका आहे, कंबर नव्हे. फोन जवळ ठेवला की कडेचा खांदा ताणलेला दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नका.

मागचा कॅमेरा वापरा. पुढच्या कॅमेऱ्यात मुलीला स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं आणि उजव्या-डाव्याचा घोळ होतो. उजव्या मनगटाला लाल रिबीन बांधली की “रिबिनीची बाजू” म्हटलेलं पुरतं. तिच्यासमोर आरसा हवाच.

उताणं झोपून करायच्या व्यायामात सगळ्यात जास्त चूक पिशवीची होते. तळहाताएवढी कापडी पिशवी, पाऊणच भरलेली. उकडे तांदूळ चालतात. ती उजव्या खवाट्याखालच्या फुगवट्याखाली जाते, मणक्याखाली नाही. खाली सरकली तर कंबर कमानीसारखी उचलते, आणि कॅमेऱ्यात ते पटकन कळत नाही. आईला सांगा: डाव्या बाजूच्या बसक्या बरगड्यांखाली तळहात सरकवून ठेवायचा. मुलीने श्वास घेतला की तळहातावर दाब आला पाहिजे. दाब नाही आणि खांदा कानाकडे चाललाय, म्हणजे श्वास तिथे पोचलाच नाही.

प्रत्येक स्थितीत चार-पाच श्वास, तीन फेऱ्या; एकूण अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. आकार मोडला की फेरी तिथेच थांबवायची. थकलेल्या शरीराकडून करून घेतलेली फेरी चुकीचीच सवय लावते.

ब्रेस बनवणारा, म्हापसा
२४ अंश आणि रिसर १ म्हणजे वाढ अजून बरीच बाकी आहे. वाढत्या वयात २५ अंशांच्या पुढे ब्रेसचा (धडाला आधार देणारा कडक पट्टा) विचार होतो, आणि एक्स-रे मोजण्यातच पाचेक अंशांचा फरक पडू शकतो. त्यामुळे “एक अंश कमी आहे” म्हणून ऑर्थोपेडिककडे जाणं लांबवू नका. २०१३ च्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक ५० अंशांच्या आत राहिला, नुसत्या देखरेखीखालच्यांत ४८ टक्के. दिवसाला सुमारे १३ तासांपेक्षा जास्त घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या वर होतं. व्यायाम हवेतच, पण ब्रेसच्या जोडीला. आपल्याकडच्या दमट हवेत आत बिनशिवणीचा सुती बनियन घालायचा आणि ओला झाला की लगेच बदलायचा. नाहीतर चट्टे येतात आणि मुलं ब्रेस काढून ठेवतात.

फिजिओ, फोंडा
दोरीचं आजच सांगते. घरी फोनच्या अ‍ॅपने पाठीच्या फुगवट्याचा कोन मोजू द्यावा का?

कणा, मडगाव
महिन्यातून एकदाच, आणि मोजणारा माणूस दर वेळी तोच. पाय जुळवून, गुडघे सरळ, तळहात जोडून मुलगी पुढे वाकेल. फोन पाठीवर आडवा, दोन अंगठ्यांच्या आधाराने, म्हणजे मधला मणका फोनला टेकत नाही. तीन वेळा मोजून सरासरी. एखाद-दुसरा अंश हाताचा असतो. सलग दोन महिने वाढ दिसली तर एक्स-रेची वाट पाहू नका, ऑर्थोपेडिकला दाखवा. त्याच दिवशी उंचीही लिहा, कारण उंची झपाट्याने वाढते तेव्हाच बाकही पळतो.

रात्री झोपमोड करणारं दुखणं, पायाला मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवीवरचा ताबा जाणं, यांपैकी काही आलं तर कॉल बंद आणि मुलगी थेट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात.

आणि पाठ उघडी असते, मुलगी तेरा वर्षांची आहे. आई खोलीत हवी, मुलीचा चेहरा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, आणि मुलगी व पालक दोघांना विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग नाही.