कार्ड पाकिटातच होते, तरी व्यवहार झाला कसा?

पानगळ (प्रश्न): गेल्या आठवड्यात माझ्या डेबिट कार्डावरून एका अनोळखी संकेतस्थळावर लागोपाठ दोन व्यवहार झाल्याचे संदेश आले. रकमा इतक्या क्षुल्लक होत्या की पहिल्या संदेशाकडे मी दुर्लक्षच केले. कार्ड पाकिटाबाहेर निघालेले नाही, पिन कोणालाही ठाऊक नाही आणि ओटीपीही आला नाही. मी ॲपमधून कार्ड तात्पुरते बंद केले आहे. तेवढे पुरेसे आहे का? शिवाय डेबिटपेक्षा क्रेडिट कार्ड खरोखर अधिक सुरक्षित असते का?

ताळेबंद: रक्कम क्षुल्लक होती, हीच काळजीची गोष्ट आहे. चोरलेला क्रमांक चालतो की नाही हे पाहण्यासाठी भामटे आधी असे चिल्लर व्यवहार करतात, आणि मालकाने हूं की चूं केले नाही की मोठा हात मारतात. क्रमांक एकदा फुटला की तो फुटलाच. तेव्हा कार्ड कायमचे रद्द करून नव्या क्रमांकाचे मागवा, दोन्ही व्यवहारांची लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. हे आजच करा, कारण नुकसान कोणी सोसायचे हे ठरवताना ग्राहकाने किती लवकर कळवले हे सहसा पाहिले जाते.

क्रेडिट कार्डाचा क्रमांकही तितक्याच सहज चोरता येतो, पण डेबिट कार्डावरून गेलेले पैसे आपल्या खात्यातून गेलेले असतात आणि चौकशी संपेपर्यंत आपलेच हप्ते अडतात, तर क्रेडिट कार्डाच्या बाबतीत भांडण निदान देयक भरण्याआधी करता येते. म्हणून ऑनलाइन खरेदीसाठी मी डेबिट कार्ड वापरतच नाही.

चिपवाला: ओटीपीचे कोडे मी उलगडतो. पलीकडचा विक्रेता जादा पडताळणी मागत नसेल, तर क्रमांक, मुदत आणि मागचे तीन अंक एवढ्यावर व्यवहार होऊ शकतो. काही ठिकाणी ते तीन अंकही लागत नाहीत. व्यवहार मंजूर झाल्यावर हे अंक साठवून ठेवण्यास पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या नियमावलीने विक्रेत्यांना मनाई केली आहे. त्यामुळे ते चोरांच्या हाती लागतात, तेव्हा बनावट पान किंवा पैसे भरण्याच्या खऱ्या पानात घुसवलेला चोरटा कोड यांचा संशय मला आधी येतो. ॲपमध्ये परदेशी आणि ऑनलाइन व्यवहारांची बटणे असल्यास ती एरवी बंद ठेवा व गरजेपुरतीच उघडा.

प्रत्यक्ष दुकानात मात्र चिपचा आग्रह धरावा. चुंबकीय पट्टीवरची माहिती कायम तीच राहते, म्हणून तिची नक्कल करता येते; चिप प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक कोड तयार करते. ‘चिप चालत नाही, पट्टी घासतो’ असे कोणी म्हणाले, तर मी सरळ रोख पैसे देतो. एटीएमवर कार्ड घालण्यापूर्वी खाचेचे तोंड बोटांनी हलवून पाहावे आणि पिन दाबताना दुसरा हात कळफलकावर धरावा, कारण वर चिकटवलेला बारीक कॅमेरा नेमका तेवढ्यासाठीच असतो. (रेडिओ लहरी अडवणारी पाकिटे विकत घेण्याची घाई नको, स्पर्शाविना चालणारे कार्ड काही सेंटीमीटरवरूनच वाचले जाते आणि तिथेही कोड दर वेळी नवा असतो.)

सावधचित्त: आता एखादा फोन येण्याची शक्यता धरून चाला. समोरचा अत्यंत अदबीने तुमच्या कार्डाचे पहिले सहा अंक वाचून दाखवेल आणि तुम्हाला वाटेल की हा बँकेचाच माणूस आहे. वस्तुतः ते अंक कार्ड कोणत्या बँकेचे आहे हे सांगतात आणि त्याच प्रकारच्या असंख्य कार्डांवर तेच असतात. मग ‘तो व्यवहार रद्द करायचा आहे, आलेला ओटीपी सांगा’ अशी मागणी होईल. त्या क्षणी संदेश पहिल्या शब्दापासून वाचा. त्यात अनेकदा रक्कम आणि पैसे घेणाऱ्याचे नावही असते, आपण मात्र घाईत फक्त आकडे पाहतो. फोनवरच्या माणसाला ओटीपी सांगायचा नाही. फोन ठेवा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः संपर्क साधा.

पानगळ: कार्ड रद्द केले, तक्रारही नोंदवली. बोलता बोलता लक्षात आले की महिनाभरापूर्वी ‘पार्सल अडकले आहे, किरकोळ शुल्क भरा’ या संदेशातील दुव्यावर मी हेच कार्ड वापरले होते. पार्सल मी मागवलेलेच नव्हते.