मदत हवी आहे: मुलीने लघुग्रह शोधला, नाव द्यायला ११,००० रुपये मागताहेत

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे, मुलगी नववीत. खगोलशास्त्राच्या एका खाजगी वर्गातून तिने लघुग्रह शोधमोहिमेत भाग घेतला होता. हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीचे चार फोटो अ‍ॅस्ट्रोमेट्रिका नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकामागून एक फिरवायचे. तारे हलत नाहीत, एखादा करडा ठिपका तेवढा सरकतो. मला तिसऱ्यांदा दाखवल्यावर दिसला, आधी स्क्रीनवरची धूळच वाटली.

आता प्रमाणपत्र आलंय. त्यावर 'प्राथमिक शोध' असं लिहिलंय आणि '२०२४ टी'ने सुरू होणारा क्रमांक आहे. वर्गाचे सर म्हणतात, ११,००० भरा, दोन महिन्यांत नाव लागेल. बाबांना आईचं नाव द्यायचंय. त्यांनी बर्डीवरून संत्रा बर्फी आणून अख्ख्या गल्लीत वाटलीसुद्धा. पैसे भरू का?

धूमकेतू_दादा: एक रुपयाही देऊ नका. ही मोहीम फुकट असते आणि लघुग्रहाचं नावही विकत मिळत नाही.

तो क्रमांक तात्पुरता आहे. टी म्हणजे ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. महिन्याला दोन अक्षरं, मधलं 'आय' वगळतात. पुढचं अक्षर आणि आकडा म्हणजे त्या पंधरवड्यातला अनुक्रम.

खरी अडचण कक्षेची, ती पक्की झाल्याशिवाय कायमचा क्रमांक मिळत नाही. दोन-चार रात्रींच्या निरीक्षणांतून कक्षा अंदाजेच निघते. इटलीच्या पियाझ्झीने १ जानेवारी १८०१ला सेरेस हा पहिला लघुग्रह शोधला, जेमतेम सहा आठवडे पाहिला आणि तो सूर्याच्या उजेडात हरवला. जर्मन गणिती गाउसने गणिताने कक्षा काढली म्हणून वर्षअखेरीस पुन्हा सापडला. तुमच्या मुलीचा लघुग्रह मंगळ आणि गुरूच्या मधल्या मुख्य पट्ट्यातला असेल. समजा सूर्यापासून पृथ्वीच्या २.७ पट अंतरावर आहे, तर सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे साडेचार वर्षांची. आपल्या आकाशात तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला साधारण सव्वा वर्षाने एकदा येतो, आणि कायमचा क्रमांक मिळायला अशा चारेक खेपांची निरीक्षणं लागतात. जुन्या फोटोंत सापडला तर लवकर, नाहीतर पोरगी कॉलेजात गेलेली असेल. आणि ठिपका आधीच दुसऱ्या कोणी नोंदवलेला निघाला, तर श्रेय तिकडे जाऊ शकतं.

कायमचा क्रमांक मिळाला की शोधणाऱ्याला दहा वर्षं नाव सुचवता येतं. ठरवते आंतरराष्ट्रीय खगोल संघाची समिती. नाव रोमन लिपीत १६ अक्षरांच्या आत हवं, जाहिरातीचं नको, आणि पुढाऱ्याचं असेल तर त्याला जाऊन १०० वर्षं झालेली हवीत. भारतातून शोधलेलं उदाहरण म्हणजे ४१३० रामानुजन, १९८८मध्ये तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतून सापडला.

गांधीसागर_काठ: काहून जी, ११ हजारात तर बरी दुर्बीण येते! पोरीला घेऊन द्या. तिचा ठिपका त्यात दिसायचा नाही, तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वात मंद ताऱ्याहून लाखो पटींनी मंद असतो. पण गुरूचे चंद्र दिसतील. अन् अमावास्येच्या आसपास पेंचला सिल्लारीला न्या, तिथं आकाश बघायलाच राखीव जागा आहे.

धागाकर्ती: मनापासून आभार. सरांना फोन केला तर म्हणे, "फी ऐच्छिक आहे, ताई." बाबांना सांगितलं, पाच-सहा वर्षं लागतील. ते ८१चे आहेत. कागदावर रोमनमध्ये आईचं नाव लिहून अक्षरं मोजली. बाई धरून बारा. म्हणाले, बसतंय.

आता मुलीचा प्रश्न. नवे फोटो आलेत, एक ठिपका चारपैकी तीनच फोटोंत दिसतोय. पाठवायचा का?

धूमकेतू_दादा: चौथ्यात तो एखाद्या ताऱ्याच्या उजेडात लपला असेल. तिन्ही जागा एका सरळ रेषेत, सारख्या अंतराने आहेत का, ते आधी बघायला सांगा.