मदत हवी आहे: आठवीसाठी जर्मन की फ्रेंच? शुक्रवारी फॉर्म द्यायचाय

निळी_छत्री
लेकीला आठवीसाठी परकीय भाषा निवडायची आहे. जर्मन की फ्रेंच? तिचे बाबा जर्मनवर अडून बसलेत, ती फ्रेंचच म्हणते, आणि मधल्या मध्ये मी. जुने धागे चाळले, पण ते सगळे नोकरीसाठी भाषा शिकणाऱ्या मोठ्यांचे आहेत. शुक्रवारी फॉर्म द्यायचाय. "दोन्ही छान आहेत" असं कृपया कोणी लिहू नका.

चौकस
जर्मन, डोळे झाकून. तिथल्या सरकारी विद्यापीठांत पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम जर्मनमधूनच असतात. आत्ता पाया घातला तर पुढे दारं उघडी राहतात.

आडवाट
तेरा वर्षांच्या मुलीला पदवीच्या हिशोबाने भाषा निवडायला लावायची? फ्रेंच पंचवीसहून जास्त देशांत अधिकृत आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत आहे. जर्मन त्या सहांत नाही.

चौकस
संयुक्त राष्ट्रांत नोकरी किती जणांना लागते?

शब्दवेडी
ताई, आधी थोडं सांगाल का? भाषा दहावीपर्यंत न्यायची आहे की मध्येच बदलता येते? गुण निकालात धरतात का? आणि हल्ली नुसती परकीय भाषा घेऊन चालतं की हिंदी-संस्कृत सोडावं लागतं? याशिवाय कोणी काय सांगणार!

निळी_छत्री
दहावीपर्यंत न्यायची, गुण धरतात. परकीय भाषा घेतली की संस्कृत सुटतं.

पोथीवाचक
मग संस्कृतच घ्या. मराठी मुलाला अर्धे शब्द आधीच ओळखीचे असतात, गुणही भरपूर पडतात. परकीय भाषा काय, कॉलेजात क्लास लावून शिकता येते.

आडवाट
विचारलंय काय, सांगताय काय.

पोथीवाचक
संस्कृत सुटतंय असं त्यांनीच लिहिलंय, म्हणून सांगितलं. सोडताना निदान काय सुटतंय ते माहीत असावं.

हिरागाना_फॅन
जपानीचा पर्याय नाही का? मराठीसारखंच क्रियापद शेवटी, आणि विभक्तीसारखे छोटे प्रत्यय नामाच्या मागे लागतात. आपल्याला वाक्यरचना फार पटकन बसते.

चौकस
आणि कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं? नेहमीच्या वापराच्या अधिकृत यादीतच २१३६ आहेत. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था जपानीला सुमारे २२०० तास धरते, फ्रेंचला त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास.

हिरागाना_फॅन
तो हिशोब इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढ अधिकाऱ्यांचा आहे. मराठी मुलांना तो जसाच्या तसा लावू नका. कांजीचं ओझं मात्र खरं आहे, ते नाकारत नाही.

निळी_छत्री
जपानी नाहीये शाळेत. जर्मन किंवा फ्रेंच. दोनच. प्लीज.

गमभन_बाई
मी बरीच वर्षं शाळेत जर्मन शिकवते, तरी आंधळेपणाने जर्मन घ्या असं म्हणणार नाही.

जर्मनमध्ये तीन लिंगं आणि चार विभक्ती. तीन लिंगांची मराठी मुलाला सवय असते, पण कुठल्या नामाचं कुठलं लिंग हे पाठच करावं लागतं. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, ते आपल्या मुलांना इतरांपेक्षा लवकर जमतं. उच्चार बऱ्यापैकी लिहिल्याबरहुकूम. पहिलं वर्ष जड, नंतर नियम हाताशी येतात. फ्रेंचला लिंगं दोनच, पण शेवटची अक्षरं लिहायची आणि बरेचदा म्हणायची नाहीत, त्यामुळे श्रुतलेखनात मुलं अडखळतात.

पण खरा फरक पडतो वर्गात. एकदा दुसऱ्या शाळेतल्या एका मुलाची वही माझ्यासमोर आली. क्रियापदांचे तक्ते सुरेख, लाल शाईने अधोरेखित, प्रत्येक पानावर तारीख. त्याला मी जर्मनमध्ये विचारलं, काल संध्याकाळी काय केलंस? तो वहीची पानं उलटायला लागला. गुण चांगले होते त्याला. म्हणून विचारा की बाई वर्गात त्या भाषेत बोलतात का, आणि मुलांना बोलायला लावतात का. तोंडी परीक्षा आहे का, हेही विचारा.

शब्दवेडी
+१. माझ्या भाच्याला गुण मिळाले, भाषा नाही मिळाली.

सुटीतला_विद्यार्थी
मोबाइलवरचं एखादं ॲप लावून द्या दोन महिने, कुठली आवडते ते तिलाच कळेल.

निळी_छत्री
ॲपची गरज नाही, फ्रेंच ती सहावीपासून शिकतेच आहे. बाई तिच्या लाडक्या आहेत, वर्गात फ्रेंचमध्येच बोलतात. जर्मनच्या बाई कशा आहेत ते माहीत नाही.

आडवाट
अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं!

शब्दवेडी
दोन वर्षं झालीत, बाई चांगल्या आहेत, मुलीला आवडतंय. मग प्रश्न कुठला उरला?

निळी_छत्री
बाबांचं म्हणणं, पुढे जर्मनीला जायचं झालं तर? आणि फ्रेंच शिकल्यावर जर्मन शिकताच येत नाही असं त्यांना कोणीतरी सांगितलंय.

गमभन_बाई
उलट आहे. पहिली परकीय भाषा नीट शिकलेल्या मुलांना दुसरी सोपी जाते, कारण शिकायचं कसं ते हातात बसलेलं असतं. कॉलेजात शून्यापासून जर्मन शिकून पुढे गेलेले कितीतरी आहेत. आत्ता फ्रेंच तोडली तर दोन्ही अर्धवट राहायची भीती जास्त.

बाबांना काही ठोस दाखवायचं असेल तर डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेची शाळकरी मुलांसाठीची ए१, म्हणजे सुरुवातीची पातळी, देता येते. श्रवण, वाचन, लेखन आणि बोलणं, चारही असतात, प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. जर्मनलाही 'फिट इन डॉइच' नावाची मुलांची परीक्षा आहे, ती पुढे कधीही.

चौकस
मी तरीही जर्मनच म्हणेन, पण सहावीपासून चालू असेल तर मोडू नका.

नवी_पहाट
माफ करा, मध्येच विचारते. मी पंचेचाळीसची आहे, मला फ्रेंच शिकायचंय. या वयात जमेल का?

हिरागाना_फॅन
जमेल, पण जपानीचा विचार करा :)

निळी_छत्री
गमभन बाई, मनापासून धन्यवाद. तुमचा प्रतिसाद तिच्या बाबांना वाचून दाखवला. आठवीपासून पुस्तक बदलतं का आणि बाई त्याच राहणार का, एवढं उद्या शाळेत विचारते. राहणार असतील तर फ्रेंच.

गमभन_बाई
नवी_पहाट, वेगळा धागा काढा, तिथे लिहिते. रोज किती वेळ देता येईल तेवढं मात्र आधी लिहा.