मदत हवी आहे: १० मीटर एअर पिस्तूल घ्यायचंय, ग्रुपिंग (शॉट किती जवळजवळ पडतात ते) बघू की बांधणी?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीची. आतापर्यंत नेमबाजी क्लबच्या पिस्तुलावर सराव करत आले, आता स्वतःचं घ्यायचं ठरवलंय. रक्कम मोठी आहे आणि अशी खरेदी वारंवार होत नाही, म्हणून इथल्या जाणत्यांना विचारतेय.

समोर दोन पर्याय आहेत. एक नवं कोरं स्टायर इव्हो १०, मेकॅनिकल ट्रिगरचं. दुसरं मोरिनी सीएम १६२ ईआय, इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं, पण वापरलेलं. ओळखीतल्या एक ताई खेळ थांबवतायत, त्यांचं आहे.

डीलरने नव्या पिस्तुलाचं कारखान्यातलं टेस्ट कार्ड (चाचणीत शॉट मारलेला कागद) दाखवलं. पाचही पेलेट एकाच भोकात, कडा फक्त जराशी फाटलेली. बघून कोणीही हरखून जाईल. पण घरी येऊन विचार केला. टेनचं (दहा गुणांचं) वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, पेलेट (छर्रा) ४.५ मिलिमीटरचा. वाइसमध्ये (शिकंज्यात) आवळून मारलं तर या दर्जाचं कुठलंही पिस्तूल सगळे शॉट टेनमध्येच टाकणार. माझा आठ लागतो तो हातामुळे, नळीमुळे नाही. मग निवड कार्डावरून कशी करायची?

म्हणून माझा कल बांधणीकडे आहे. क्लबच्या पिस्तुलाची मागची साइट (नेम धरायची खाच) खेळते. अंगठ्याने तिचं पातं दाबलं की किंचित हलतं, आणि मग ग्रुप डावीकडे सरकला तो माझ्यामुळे की साइटमुळे, हेच कळत नाही. शंका मनात घेऊन ट्रिगर दाबणं फार वाईट. आणि टोकियो ऑलिंपिकचं उदाहरण आहेच. २०२१ मध्ये मनू भाकरच्या पिस्तुलाचा लिव्हर पात्रता फेरी चालू असताना तुटला, दुरुस्तीत वेळ गेला, घड्याळ काही थांबलं नाही. ५७५ गुण करूनही ती बाराव्या क्रमांकावर राहिली. ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे असतात, तिथे यंत्राने दगा दिला तर अचूकता काय कामाची?

मोरिनीचा ट्रिगर मात्र मला फार आवडला. दाबण्याचा दुसरा, शॉट सोडणारा टप्पा काच तुटावी तसा सुटतो, घासल्याची जाणीवच नाही. काळजी आमच्या हवेची वाटते. पावसाळ्यात इथे कपाटातल्या कुलपालासुद्धा गंज चढतो. इलेक्ट्रॉनिक सर्किट, बॅटरीचे कॉन्टॅक्ट हे सगळं टिकेल का? शिवाय बिघाड झाला तर दुरुस्तीला मुंबई किंवा पुणे गाठावं लागणार.

माझा हात लहान आहे. ताईंच्या पिस्तुलाची ग्रिप (मूठ) मला सैल होते, ती बदलावीच लागेल.

कोणी दोन्ही प्रकार वापरलेत का? वापरलेलं घ्यायचं झालं तर काय काय तपासू?

प्रतिसाद

ताई, तुमचा विचार बरोबर आहे, पण अचूकता अगदीच सोडून देऊ नका. नव्याचं कार्ड सोबत येतं, वापरलेल्याचं स्वतः काढावं लागतं. टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, तिच्यावर मनगट टेकवा आणि पाच-पाच शॉटचे ग्रुप काढा. ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर अशा दोन्ही हेड साइझचे (पेलेटच्या डोक्याच्या मापाचे) मॅच पेलेट, म्हणजे स्पर्धेचे, घ्या. एकाने ग्रुप पसरला आणि दुसऱ्याने जुळला तर तो पेलेटचा प्रश्न. दोन्हींनी पसरला तर मात्र नळी किंवा ब्रीचचं (पेलेट भरतो त्या मागच्या तोंडाचं) सील बघायला हवं.

सगळ्यात आधी पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरलं जातं आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. मुदत जवळ आली असेल तर नव्या सिलिंडरचे पैसे किमतीतून वजा करून घ्या. मग २०० बारपर्यंत हवा भरून रात्रभर ठेवा. सकाळी काटा खाली आलेला दिसला तर गळती आहे.

ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लावून बघा. ट्रिगर न सुटता तेवढं उचललं गेलंच पाहिजे, नाहीतर स्पर्धेच्या तपासणीत अडकाल. बॅटरीचं झाकण उघडून कॉन्टॅक्टवर हिरवट थर आहे का तेही पाहा. कोकणात हातपंपाने हवा भरली की दमट हवा आत जाते, त्यापेक्षा डायव्हिंगच्या सिलिंडरमधली कोरडी हवा बरी.

माझं मत विचाराल तर ग्रिप आधी. हातात नीट न बसणाऱ्या पिस्तुलाचा ट्रिगर कितीही गोड असला तरी मनगट प्रत्येक शॉटला वेगळं वळतं. नव्यासोबत तुमच्या मापाची ग्रिप मिळत असेल तर मी नवंच घेईन.

धागाकर्ती

खूप आभार दादा. सिलिंडरची तारीख माझ्या ध्यानातच आली नव्हती, ताईंना आजच फोटो पाठवायला सांगते. वाळूच्या पिशवीवरची चाचणी रविवारी रेंजवर घेते आणि कार्डांचे फोटो इथेच टाकते. एकच विचारायचं राहिलं: छोट्या मापाची ग्रिप मोरिनीसाठी वेगळी मागवली तर ती तशीच बसते, की रेतीकागदाने घासून हाताला जुळवावी लागते? कोणी केलं असेल तर नक्की सांगा.